पंख्याचं तुटलेलं पातं आणि ब्रीदरमधलं मातीचं घर

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन ओळींत नऊ फूट अंतर. ऐन हंगामात दोन्ही बाजूंच्या काड्या आत झुकल्या की मधे छोट्या ट्रॅक्टरपुरतीच वाट उरते, म्हणून बागेत साडेअठरा हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर चालतो. 2007 सालचा आहे. तासांचं मीटर केव्हाच बंद पडलं आहे, पण इतक्या वर्षांत फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर आणि मालाची छोटी ट्रॉली त्यानेच ओढली.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याची दोन दुखणी एकदमच वाढली. रेस वाढवली की स्टिअरिंग धरलेल्या हाताला मुंग्या यायच्या, आणि रात्री शेडमध्ये उभा केला की सकाळी फरशीवर डाग. काही काळे, काही पाण्याचे, एक डिझेलच्या वासाचा. ज्याला विचारावं तो इंजिन खोलायला सांगे. कोणी म्हणे हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं, कोणी म्हणे क्रँकच (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) वाकली. एका जाणत्या माणसाने तर विकून टाकायचा सल्ला दिला.

मला ते पटत नव्हतं. स्टार्ट एका सेलमध्ये व्हायचा, धूर फारसा नव्हता, ओढही कमी झालेली नव्हती. शिवाय फळासाठीची गोडी छाटणी तोंडावर आली होती. छाटणीनंतर पोंगा (कोवळा कोंब) फुटल्यापासून फुलोरा होईपर्यंत डाऊनी रोगाचा धोका सगळ्यात मोठा. पाऊस झाला तर त्याच दिवशी फवारणी गेलीच पाहिजे. अशा वेळी खोललेलं इंजिन शेडमध्ये पडून राहिलं तर वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणून ठरवलं की पितृपंधरवड्यात, बागेत काम कमी असताना, प्रत्येक गळतीचं आणि प्रत्येक थरथरीचं मूळ वेगवेगळं शोधायचं आणि जे दोषी निघेल तेवढंच खोलायचं. गावातले जुने मिस्त्री सोबतीला आले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे.

"आधी धुऊ," ते म्हणाले. "भाऊ, या थराखाली काय गळतंय ते देवाला पण दिसायचं नाही."

फवारणीच्या ट्रॅक्टरवर हा थर वेगळाच असतो. बोर्डोचा (मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याचा) निळसर पांढरा पापुद्रा, त्यावर गंधकाची पूड, त्यावर तेल आणि धूळ. कूलंट गळून वाळलं की त्याचाही हिरवट पांढरा डाग पडतो आणि तो बोर्डोत मिसळून जातो. आमच्या रेडिएटरखालचा डाग आम्ही कित्येक महिने औषधाचाच समजत होतो. मोरचूद लोखंड खातं, त्यामुळे बोल्टांची डोकीही गोल झाली होती. अल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. मग डिझेल आणि ब्रशने सगळं अंग घासलं, त्यावर साबणाचं पाणी, शेवटी कमी दाबाने साधं पाणी. रेडिएटरच्या जाळीला इंजिनाच्या बाजूने पाणी मारलं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. समोरून मारलं तर तो आणखी आत बसतो.

कोरडा झाल्यावर सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि खाली द्राक्षाच्या पेट्यांचे कोरे पुठ्ठे अंथरले. प्रत्येकावर पेनने जागा लिहिली: रेडिएटर, इंजिन उजवी बाजू, क्लच हाउसिंग, मागचा एक्सल. मग इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवून बंद केलं. बऱ्याच गळत्या गरम असतानाच उघड होतात, कारण तेल पातळ झालेलं असतं आणि रेडिएटरमध्ये दाब तयार झालेला असतो.

पुठ्ठा खरं बोलतो. रेडिएटरच्या मागे, पाण्याच्या पंपाखाली हिरवट ओल होती. इंजिनाच्या उजव्या बाजूला पातळ, डिझेलचा वास असलेला डाग होता. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने पावडर काळी होत खाली आली होती. आणि क्लच हाउसिंगखाली काळ्या तेलाचे ठिपके पडले होते. हे शेवटचं पाहून मिस्त्री जरा गप्प झाले.

ते का, हे सांगायला हवं. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात बहुधा सैल स्प्लिट पिन लोंबत असते. पिन हलत राहते म्हणजे भोक चिखलाने बुजत नाही. आतल्या कोरड्या क्लचच्या जागेत तेल आलं तर ते इथून बाहेर पडून खबर देतं. तेल येऊ शकतं दोनच बाजूंनी: पुढून क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून, किंवा मागून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलमधून. डिझेल इंजिनाचं वापरलेलं तेल काळंकुट्ट असतं, गिअरचं तेल मधासारखं आणि उग्र गंधकी वासाचं. आमचं काळं होतं, म्हणजे क्रँकचं सील. ते फ्लायव्हीलच्या मागे असतं, आणि तिथे पोचायचं तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. सील स्वस्त, खर्च सगळा मजुरीचा आणि दिवसांचा.

ते तूर्त बाजूला ठेवून आम्ही थरथरीकडे वळलो. ट्रॅक्टर जागेवर, गिअर न्यूट्रल, मागे काही जोडलेलं नाही. मडगार्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला. हाताला कंपनाची सवय होऊन जाते. पेल्यातलं पाणी मात्र दर वेळी तेच सांगतं. या बांधणीच्या ट्रॅक्टरला मोटारगाडीसारखे इंजिनाखाली रबरी माउंटिंग नसतात. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स मिळून एकच कणा, त्यामुळे पुढे जे हलतं ते सरळ सीटपर्यंत येतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट जोडत किंवा काढत जायचं.

आयडलला एक प्रकारची थरथर होती, सावकाश, धक्क्याधक्क्यांची. रेस वाढवली की ती विरायची आणि दुसरी सुरू व्हायची, बारीक आणि सलग, वर जाऊ तशी वाढत जाणारी. क्लच दाबून पाहिला, थरथरीत फरक नाही. म्हणजे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स या दोषातून सुटले. दाबल्यावर एक बारीक चर्र आवाज मात्र आला. रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग, तो वहीत लिहून ठेवला.

मग पंखा आणि पाण्याचा पंप फिरवणारा फॅन बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, त्यामुळे त्याहून जास्त चालवायचं नाही. रेस वाढवली. पेल्यातलं पाणी जवळजवळ स्थिर! वरच्या रेसवरची सगळी थरथर त्या बेल्टच्या पलीकडे होती.

टॉर्च घेऊन पंख्याजवळ वाकलो तर प्लास्टिकच्या एका पात्याचं दोन बोटांएवढं टोक गायब. छाटणीची काडी किंवा मांडवाच्या तारेचा तुकडा बाजूने आत शिरला असणार. इतक्याशा तुकड्याने एवढं व्हावं हे बघणाऱ्याला पटत नाही, पण असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला 900 फेऱ्यांवर जो जोर असतो तो 2400 फेऱ्यांवर सातपट होतो. आयडलला तो कळतही नाही, फवारणीच्या रेसवर दिवसभर ठोकत राहतो.

आणि ठोकतो कुठे, तर पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर, कारण पंखा त्याच शाफ्टवर बसतो. पंखा दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवला तर खडखड लागली. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, आतलं सील आणि बेअरिंग यांच्या मधे. सील गेलं की पाणी बेअरिंगकडे न जाता तिथून टपकतं. आमच्या पंपाचं ते भोक पूर्वी कोणीतरी इपॉक्सी पुट्टीने बुजवलं होतं. पुट्टीच्या कडेने पाणी झिरपत होतंच, उरलेलं बेअरिंगमध्ये जाऊन त्यातलं ग्रीस धुऊन टाकत होतं. थरथर आणि गळती इथे एकच निघाली: पातं तुटलं, पंखा डोलला, बेअरिंग झिजलं, शाफ्ट हलू लागला, सील फाटलं. सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान या शोधाचं आहे. नुसतं सील बदललं असतं तर डोलणाऱ्या पंख्याने तेही खाल्लं असतं.

मिस्त्रींनी तात्पुरता उपाय सुचवला, समोरचं पातं तेवढंच कापून समतोल साधायचा. अडचणीच्या वेळी शेतात तो चालतोही. पण प्लास्टिक जुनं होतं, दुसऱ्या पात्याच्या मुळाशी बारीक तडा दिसत होता, आणि तसं पातं वेगात निसटलं तर रेडिएटर फाडतं. पंखा नवीनच घेतला. पंपाचं किट न घेता पंप पूर्ण घेतला, कारण जुन्या शाफ्टवर चरे होते. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून नवं बसवलं, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट भरलं, अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबेल इतका बेल्ट ताणला.

आता आयडलची थरथर. तीन सिलिंडरांपैकी एक नीट काम करत नसेल तर 850 फेऱ्यांवर सेकंदाला सातेक धक्के जाणवतात, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. कोणता सिलिंडर, ते शोधायची पद्धत जुनीच आहे: आयडलला एकेका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपाचा नट अर्धा फेरा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा केला की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचा सैल करूनही आवाज बदलत नाही तो आधीपासूनच बसलेला. आमचा मधला. हे करताना डोळ्यांवर चष्मा, नटावर जाड फडकं आणि हात लांब. त्या पाइपात शंभराहून जास्त बारचा दाब असतो. बारीक धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम वरून टोचल्यासारखी दिसली तरी थेट दवाखाना गाठावा लागतो. हे काम मी मिस्त्रींनाच करू दिलं.

तिन्ही इंजेक्टर नाशिकला पंप-नोझलवाल्याकडे नेले. टेस्टरवर दोन धुकं सोडत होते आणि मधला चक्क ठिबकत होता. त्याची नोझल बदलली, तिघांचा दाब सारखा लावून घेतला. बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घातले, कारण एकदा दबलेला तांब्याचा वॉशर पुन्हा नीट बसत नाही. इंजेक्टर काढताना डिझेलच्या डागाचंही मूळ सापडलं. इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी रबरी नळी उन्हाने तडकली होती. तिथून येणारं डिझेल इंजिनावरून ओघळताना टॅपेट कव्हरचं तेल सोबत घेऊन हेडच्या सांध्यावर पसरायचं. हेड गॅस्केट गेलं असं सांगणाऱ्यांनी हेच पाहिलं होतं. हातभर नळी आणि क्लिपांनी ते मिटलं.

राहिली दोन ठिकाणं, टॅपेट कव्हर आणि क्लच हाउसिंग. दोन्हीकडून इंजिनाचंच तेल. दोन लांबच्या जागा एकाच वेळी गळायला लागल्या तर आतला दाब तपासावा, असं मिस्त्रींचं म्हणणं. इंजिन आयडलला ठेवून त्यांनी तेल भरायचं झाकण सैल केलं, तर फुस्स करून वाफ आली आणि झाकण बोटाखाली उचललं जाऊ लागलं. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदरचा पाइप असतो. पाइप चोंदला की वायू तेलाला ढकलत मिळेल त्या सांध्यातून वाट काढतो.

ब्रीदरचा पाइप इंजिनाच्या कडेने खाली वळलेला. त्याचं तोंड मातीने लिंपलेलं होतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर बराच काळ शेडमध्ये उभा होता, तेवढ्यात कुंभारमाशीने आत घर केलं होतं. तारेने टोकरलं तर मातीबरोबर सुकलेल्या अळ्या बाहेर आल्या. पिलांना खायला म्हणून ती माशी त्या कोंडून ठेवते. त्यावर तेलाचा काळा गाळ बसून सगळं दगडासारखं झालं होतं, वायूला सुईएवढीच फट उरली होती. पाइप काढून डिझेलमध्ये भिजवला, तारेला चिंधी बांधून आरपार साफ केला. तोंडाला तारेची मोठ्या घराची जाळी क्लिपने लावली. मच्छरदाणीची जाळी लावायची नाही, तेलाच्या वाफेने ती बुजते आणि पुन्हा तेच. शेडमध्ये यंत्र उभं करणाऱ्या प्रत्येकाने पावसाळा संपताना हे तोंड बोटाने चाचपून बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुंभारमाशीला भोक आवडतं, मग ते टाकीच्या झाकणातलं असो, ट्रॉलीच्या ब्रेकच्या नळीचं असो की ब्रीदरचं.

टॅपेट कव्हर पत्र्याचं. गळतं म्हणून कोणीतरी नट आवळत गेलेलं, त्याने बोल्टापाशी पत्रा दबला आणि मधे उचलला गेला. जितकं आवळावं तितकं जास्त गळतं ते यामुळे. कड फळीवर उलटी धरून हलक्या हाताने ठोकून सरळ केली, नवं पॅकिंग घातलं, उघडलंच आहे तर टॅपेटचा गॅपही लावला. झाकणातली फुसफुस थांबली होती. दुसऱ्या सकाळी क्लच हाउसिंगखालच्या पुठ्ठ्यावर ठिपके होते, पण कितीतरी कमी. सील खराब होतंच, दाबाने त्याला आणखी उघडं पाडलं होतं इतकंच. रोज सकाळी डिपस्टिक बघायची आणि हंगाम काढायचा, असं ठरलं.

मग 600 लिटरचा ब्लोअर जोडला आणि पीटीओ (मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणारा फिरता शाफ्ट) टाकला. इंजिन शांत, आणि तरीही मागून घरघर! ब्लोअरशिवाय नुसता पीटीओ फिरवला तर काही नाही. म्हणजे दोष मधल्या शाफ्टचा किंवा ब्लोअरचा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (कोनात वळू देणारे सांधे) हलवून पाहिले, ढिले नव्हते. मी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योककडे (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांकडे) बघत होतो तेव्हा लक्षात आलं की ते एकमेकांना काटकोनात आहेत.

पीटीओ शाफ्टला दोन क्रॉस का असतात, याचं कारण इथे कळतं. शाफ्ट कोनात फिरताना एक क्रॉस वेग सारखा देऊ शकत नाही. 20 अंशांच्या कोनात तो प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे सहा टक्क्यांनी वरखाली होतो. दुसरा क्रॉस नेमकी उलटी चूक करून ती मिटवतो, पण शाफ्टच्या मधल्या दोन तुकड्यांवरचे योक एका रेषेत असतील तरच. काटकोनात बसले तर चूक मिटायच्या ऐवजी दुप्पट होते. 540 फेऱ्यांवर सेकंदाला 18 हिसके, तेही ब्लोअरच्या गिअरबॉक्सला. आमचा शाफ्ट चौकोनी नळीचा आहे. ग्रीस भरायला तो ओढून वेगळा केला की परत चार पद्धतींनी आत जातो, त्यातल्या दोन चुकीच्या. लिंबाच्या आकाराच्या नळीच्या शाफ्टला ही भीती नसते. नळी बाहेर ओढली, पाव फेरा फिरवली, परत घातली. खर्च शून्य. ब्लोअर असा चालला की शेजारच्या बागेतून चुलतभाऊ विचारायला आला, नवीन घेतला का म्हणून. दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाने एका रेषेत खूण केली. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फाटलं होतं तेही बदललं. फिरत्या शाफ्टमध्ये धोतर किंवा ओढणी अडकून आमच्या भागात माणसं गेली आहेत.

छाटणी झाली, पोंगा, फुलोरा, थिनिंग (मण्यांची विरळणी), माल निघाला. माल निघाल्यावरची खरड छाटणी उरकल्यावर मे महिन्यात ट्रॅक्टर मधून वेगळा केला. सगळ्यात आधी पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. पुढचा एक्सल मधल्या एका पिनवर डुलतो, त्यामुळे मागचा आधार सुटताच इंजिनाचा भाग आडवा कोसळू शकतो. गिअरबॉक्सखाली घोड्या, इंजिनाखाली चाकांचा जॅक, आणि वायर, डिझेलच्या नळ्या, स्टिअरिंगचा रॉड सोडवून पुढचा भाग हळूहळू पुढे सरकवला.

सील प्लास्टिकसारखं कडक झालं होतं. त्याच्या ओठाने क्रँकवर नखाला लागेल अशी खाच पाडली होती, म्हणून नवं सील मिस्त्रींनी तळापर्यंत न बसवता किंचित बाहेर ठेवलं, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या पृष्ठभागावर फिरतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला तेल लावून, चारी बाजूंनी सारखं ठोकत. पायलट बेअरिंग कोरडं ठणठणीत होतं, वहीत लिहिलेला चर्र आवाज तोच. क्लच प्लेटवर तेल मुरलं होतं, तीही नवी घातली. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने समोरासमोर आवळले.

पुठ्ठे मी अजून अंथरतो. क्लच हाउसिंगखालचा कोरा निघतो, पंपाखालचाही. स्टिअरिंग बॉक्सखाली थोडी ओल येते. तिथलं सील आणून ठेवलं आहे, स्टिअरिंगला अजून ढिलेपणा नाही, म्हणून पुढचा माल निघाल्यावरच तो खोलणार.